खोली मिळते, मान्यता मिळेलच असं नाही

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर शहरात १८४३ साली बोस्टनच्या बिशपांनी एक कॅथलिक कॉलेज काढलं आणि ते जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या धर्मगुरूंच्या हाती सोपवलं. नाव ठेवलं कॉलेज ऑफ द होली क्रॉस. पहिली तुकडी बाहेर पडायची वेळ आली तेव्हा स्वतःच्या नावाने पदव्या देण्याची सनद कॉलेजने राज्याच्या विधिमंडळाकडे मागितली. ती नाकारली गेली. मोठा आक्षेप असा की इथे फक्त कॅथलिक मुलांनाच घेतात. ज्या संस्थेचं दार सगळ्यांना उघडं नाही, तिला सरकारने सनद का द्यावी? १८४९च्या पहिल्या पदवीधरांना मग वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउन या जेझुइट कॉलेजच्या नावाच्या पदव्या घ्याव्या लागल्या. होली क्रॉसची सनद यायला १८६५ उजाडलं.

आजच्या कानांना विधिमंडळाचं म्हणणं पटण्यासारखं वाटतं. पण त्याच राज्यात, बोस्टनजवळच्या चार्ल्सटाउनमध्ये, १८३४ साली जमावाने कॅथलिक नन्सचा मठ आणि त्यांची शाळा जाळून टाकली होती. आयर्लंडहून आलेल्या गरीब कॅथलिकांकडे संशयाने बघायची तेव्हा रीतच होती. अशा लोकांनी आपल्यापुरतं कॉलेज काढलं, तर बाहेरून तो दुरावा दिसतो आणि आतून आसरा.

त्या पहिल्या तुकडीत पहिला आलेला विद्यार्थी जेम्स हीली. वडील जॉर्जियातले आयरिश जमीनदार, आई गुलाम. जॉर्जियाच्या कायद्याने जेम्स आणि त्याची भावंडंही गुलामच. होली क्रॉसने या भावांना घेतलं, शिकवलं. जेम्स पुढे मेन राज्यातल्या पोर्टलंडचा बिशप झाला आणि त्याचा भाऊ पॅट्रिक १८७४ साली जॉर्जटाउनचा अध्यक्ष. गंमत अशी, की गंमत कसली म्हणा, होली क्रॉसचे पहिले अध्यक्ष होते फादर थॉमस मलेडी. मेरीलँडच्या जेझुइटांचे प्रमुख असताना, १८३८ साली, २७२ गुलाम माणसं लुइझियानात विकण्याचा व्यवहार यांनीच जुळवला होता. विक्रीच्या पैशाचा काही भाग जॉर्जटाउनची कर्जं फेडायला गेला. हीली भाऊ १८४४ साली दाखल झाले तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीत हेच गृहस्थ होते.

एवढं मागे जाण्याचं कारण आहे. 'कॅथलिक कॉलेज आणि समावेश' हा विषय निघाला की एक बाजू म्हणते, धर्माचं कॉलेज म्हणजे सगळ्यांना कसं सामावणार? दुसरी म्हणते, आमच्या धर्मातच सगळ्यांचं स्वागत आहे, प्रश्नच नाही. इतिहास दोघांच्याही सोयीचा नाही. शिवाय 'समावेश' या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या जातात. माणसाला प्रवेश देणं ही एक. आत आल्यावर त्याला खोली, पैसा, वेळ, सुरक्षितता देणं ही दुसरी. आणि त्याच्या मताला किंवा जगण्याला संस्थेने स्वतःच्या नावाने मान्यता देणं ही तिसरी. आजची बहुतेक भांडणं दुसरी कुठे संपते आणि तिसरी कुठे सुरू होते यावरची आहेत.

प्रवेशाचं आधी उरकून टाकू, कारण ते सोपं आहे. अमेरिकेत दोनशेहून जास्त कॅथलिक कॉलेजं आणि विद्यापीठं आहेत. त्यांतल्या बहुतेकांत प्रवेशासाठी कॅथलिक असावं लागत नाही. हिंदू, मुस्लिम, ज्यू, प्रॉटेस्टंट, नास्तिक सगळे शिकतात. न्यू ऑर्लीन्सचं झेवियर विद्यापीठ हे कृष्णवर्णीयांसाठी उभं राहिलेलं देशातलं एकमेव कॅथलिक विद्यापीठ. ते संत कॅथरीन ड्रेक्सेल यांनी उभारलं, आणि तिथले बहुसंख्य विद्यार्थी कॅथलिक नाहीत. श्रद्धेच्या बाबतीत जबरदस्ती करायची नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या जागतिक धर्मसभेने, १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिलं. कॅलिफोर्नियातलं थॉमस अक्वायनस किंवा व्हर्जिनियातलं क्रिस्टेंडम अशी काही अगदी छोटी, परंपरावादी कॉलेजं आहेत. तिथे जवळपास सगळी मुलं कॅथलिक असतात, पण ती मुलं तसं कॉलेज शोधतच तिथे आलेली असतात.

आता आत गेल्यावरचं.

वर्गाच्या भिंतीवर क्रूस असतो. तो असणारच, त्यावर तक्रार करून फार काही हाती लागत नाही. पदवीच्या विषयांत एखाददुसरा धर्मशास्त्राचा आणि तत्त्वज्ञानाचा पेपर सक्तीचा असतो. हा पेपर म्हणजे धर्मशिक्षण नव्हे: बायबलमधला उतारा इतिहासाच्या अंगाने वाचायचा, बौद्ध किंवा इस्लामी परंपरेवर निबंध लिहायचा, असंही त्यात येतं. मार्क अभ्यासाला मिळतात, श्रद्धेला नाही. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, ऐच्छिक. एके काळी अनेक कॉलेजांत ती सक्तीची होती आणि गैरहजेरी लागत असे. ते दिवस गेले. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात शुक्रवारी भोजनगृहात मांस नसतं, त्यामुळे शाकाहारी मुलांची त्या दिवशी चंगळ.

वसतिगृहाचे नियम मात्र खरोखर वेगळे असू शकतात. बऱ्याच कॉलेजांत मुलांचे आणि मुलींचे मजले किंवा इमारती स्वतंत्र, आणि एकमेकांच्या खोलीत किती वाजेपर्यंत थांबता येईल याची वेळ ठरलेली. वॉशिंग्टनच्या कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिकाने तर २०११ साली मिश्र वसतिगृहं टप्प्याटप्प्याने बंद करून पुन्हा मुला-मुलींच्या वेगळ्या इमारती करायचं ठरवलं. आरोग्य केंद्रात गर्भनिरोधकं सहसा मिळत नाहीत. हे माहितीपत्रकाच्या गुळगुळीत पानांवर क्वचितच लिहिलेलं असतं.

दुसऱ्या धर्माच्या मुलांना जागा देण्यात कॅथलिक संस्था अनेकदा लोकांना वाटतं त्यापेक्षा पुढे असतात. जॉर्जटाउनने १९९९ साली पूर्णवेळ इमाम नेमले आणि २०१६ साली पूर्णवेळ हिंदू धर्मगुरू. अर्थात जॉर्जटाउन मोठं आणि श्रीमंत. हजार-दीड हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजात हिंदू मुलं पाच-सात असतील, तर स्वतंत्र पुजाऱ्याचा पगार कोण देणार? तिथे हे काम 'कॅम्पस मिनिस्ट्री' नावाच्या कार्यालयाकडे येतं. एखादी सिस्टर किंवा तरुण कर्मचारी दिवाळीसाठी सभागृह मिळवून देते, रमझानमध्ये भोजनगृह पहाटे उघडायला लावते, शुक्रवारच्या नमाजासाठी जवळच्या मशिदीपर्यंत गाडीची सोय बघते. सगळं त्या एका माणसावर. ती व्यक्ती नोकरी सोडून गेली की पुढच्या वर्षी पहिल्यापासून सुरुवात. मोठ्या विद्यापीठात जे धोरण असतं, ते इथे कुणाच्या तरी चांगुलपणावर चालतं. लहान कॉलेजांचं हे सगळ्यात गोड आणि सगळ्यात धोक्याचं अंग.

कधीकधी वाद ज्यांच्या नावाने होतो त्यांनी तो काढलेलाच नसतो. २०११ साली याच कॅथलिक युनिव्हर्सिटीविरुद्ध मानवी हक्क कार्यालयात तक्रार गेली की मुस्लिम विद्यार्थ्यांना क्रूस नसलेली प्रार्थनेची जागा मिळत नाही. तक्रार करणारे दुसऱ्याच विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक होते. कॅथलिक युनिव्हर्सिटीच्या एकाही मुस्लिम विद्यार्थ्याने तक्रार केलेली नव्हती.

होली क्रॉसमध्ये वेगळा प्रश्न उभा राहिला. त्यांच्या खेळाडूंच्या संघांचं नाव 'क्रुसेडर्स', विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राचं नावही 'द क्रुसेडर'. मध्ययुगात मुस्लिमांविरुद्ध, आणि वाटेत ज्यूंविरुद्धही, तलवार चालवणाऱ्यांचं हे नाव छातीवर घालून मुस्लिम वर्गमित्रासोबत मैदानात उतरायचं का? २०१८ च्या सुरुवातीला विद्यार्थ्यांनी वृत्तपत्राचं नाव बदलून 'द स्पायर' केलं. विश्वस्तांनी मात्र संघांचं नाव राखलं, आणि नंतर तलवार-ढालवाल्या शूरवीराची चित्रं व त्याचं सोंग काढून टाकलं. म्हणजे योद्ध्याचं नाव शिल्लक, योद्धा गायब. मला हा तोडगा अर्धवट वाटतो. पण देणग्या देणारे माजी विद्यार्थी आणि आत शिकणारी मुलं या दोघांना धरून चालणारी संस्था कशी विचार करते, ते यातून नेमकं दिसतं.

याच कॉलेजमधली १९६९ ची घटना त्याहून बोलकी आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर फादर जॉन ब्रूक्स या प्राध्यापकांनी पुढाकार घेऊन कृष्णवर्णीय मुलांना शिष्यवृत्तीसह आणलं. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले क्लॅरेन्स थॉमसही त्याच सुमारास आले. ही मुलं आली तेव्हा गोऱ्या मुलांच्या समुद्रात मूठभर. वसतिगृहात आपला स्वतंत्र मजला असावा अशी मागणी त्यांनी केली. म्हणजे समावेश करून घेतलेल्यांनीच वेगळं राहायची जागा मागितली. थॉमस यांचा याला विरोध होता. मजला मिळाला, तोही हीलींच्याच नावाच्या इमारतीत.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे लोक नोकरभरतीला आले आणि विद्यार्थ्यांनी त्यांची वाट अडवली. व्हिएतनाम युद्धाचा काळ होता. निदर्शकांत बहुतेक गोरे, कृष्णवर्णीय मोजकेच. कारवाईसाठी सोळा जणांची नावं निघाली, त्यांत चार कृष्णवर्णीय. गर्दीतले गोरे चेहरे एकसारखे, पण या चौघांना कॉलेजात कोण ओळखत नव्हतं? कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी एकत्र निर्णय घेतला आणि सामान भरून कॉलेजच सोडलं. काही दिवसांत अध्यक्षांनी सगळ्यांवरची कारवाई मागे घेतली आणि मुलं परतली. जे वेगळे दिसतात ते लहान कॉलेजात सगळ्यांच्या लक्षात राहतात. प्रेमाने विचारपूस होते ती त्यामुळेच, आणि नियम मोडल्यावर पहिलं नाव येतं तेही त्यामुळेच. 'आमच्याकडे सगळे एकमेकांना ओळखतात' हे वाक्य ही कॉलेजं अभिमानाने सांगतात. कुणासाठी ते सुख असतं आणि कुणासाठी ओझं, हे विचारायला हवं.

मान्यतेचा प्रश्न समजायला या कॉलेजांवर सत्ता कुणाची हे कळायला हवं. दैनंदिन मालकी विश्वस्त मंडळाची. स्थापना करणाऱ्या धर्मसंघाची, म्हणजे जेझुइट, बेनेडिक्टाइन किंवा एखाद्या सिस्टर्सच्या संघाची, छाप वेगळी. आणि 'कॅथलिक' हे नाव लावायला धर्मसत्तेची संमती लागते, तसं चर्चच्या कायद्यातच आहे. १९६७ साली विस्कॉन्सिनमधल्या लँड ओ'लेक्स या गावी नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाचे अध्यक्ष थिओडोर हेसबर्ग आणि इतरांनी जाहीर केलं की कॅथलिक विद्यापीठाला बाहेरच्या कुठल्याही सत्तेपासून, चर्चपासूनही, खरी स्वायत्तता हवी. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९० साली 'एक्स कॉर्दे एक्लेझिए' या दस्तऐवजातून दोर पुन्हा थोडा आवळला: कॅथलिक ओळख संस्थेच्या कारभारात दिसली पाहिजे, प्राध्यापकांत बिगर-कॅथलिकांचं बहुमत होऊ देऊ नये. त्याच दस्तऐवजात इतर धर्मीयांच्या विवेकस्वातंत्र्याचा आदर राखायलाही सांगितलं आहे. त्यामुळे कुठल्याही वादात दोन्ही बाजूंना एकाच कागदातून वाक्यं सापडतात.

सरकारचा हात यात किती? वंशाच्या आधारावर भेदभाव करायला धार्मिक कॉलेजलाही मुभा नाही. लिंगभेदाविरुद्धचा १९७२ चा कायदा, ज्याला सगळे 'टायटल नाइन' म्हणतात, त्यात मात्र धर्मसंस्थेच्या नियंत्रणाखालच्या संस्थांना सूट आहे, आपल्या धर्मतत्त्वांशी टक्कर होते तिथपुरती. सरकारी पैसा घेतला म्हणून धार्मिक ओळख सोडावी लागते असंही नाही. कनेटिकटमधल्या चार कॅथलिक कॉलेजांच्या इमारतींना दिलेलं अनुदान सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये वैध ठरवलं, इमारती धर्मकार्याला वापरायच्या नाहीत या अटीवर.

या साऱ्यात मला सर्वात स्वच्छ वाटणारा निकाल १९८७ चा. जॉर्जटाउनमधल्या समलिंगी विद्यार्थ्यांच्या गटांना विद्यापीठ अधिकृत मान्यता देईना. प्रकरण वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात गेलं. न्यायालयाने प्रश्नाचे दोन तुकडे केले. विद्यापीठाने या गटांना 'मान्यता' द्यावी अशी सक्ती कायदा करत नाही, कारण मनात नसलेली गोष्ट बोलायला कुणाला भाग पाडता येत नाही. पण खोली, टपालपेटी, निधीसाठी अर्ज करण्याचा हक्क, या ठोस सुविधा इतर गटांइतक्याच द्याव्या लागतील. हा निकाल वॉशिंग्टनच्या हद्दीपुरता आणि तिथल्या मानवी हक्क कायद्यावर बेतलेला. कॅन्सस किंवा ओहायोतल्या कॉलेजला तो बंधनकारक नाही. तरी विचार करायला तो फार उपयोगी आहे. पुढे २००८ साली जॉर्जटाउनने स्वतःहून या विद्यार्थ्यांसाठी केंद्र उघडलं, कॅथलिक विद्यापीठातलं तसं पहिलं.

बहुतेक कॉलेजं या दोन तुकड्यांच्या मधली वाट शोधतात. क्लब म्हणायचं नाही, 'आधारगट' म्हणायचं. विद्यार्थी परिषदेऐवजी समुपदेशन केंद्राखाली किंवा कॅम्पस मिनिस्ट्रीखाली ठेवायचं. नोत्र दामने २०१२ साली समलिंगी विद्यार्थ्यांसाठी गट मंजूर केला तेव्हा त्याला साधा क्लब न ठेवता खास वेगळ्या दर्जाची संघटना केलं. बाहेरून हा शब्दांचा खेळ वाटतो. आत मात्र त्या गटाला भेटायला जागा मिळाली की नाही, हे त्या खेळावर ठरतं. चर्चच्या धर्मशिकवणीतही हा ताण आहेच: समलिंगी संबंधांना ती चुकीचं म्हणते, आणि त्याच परिच्छेदांत अशा व्यक्तींशी आदराने, करुणेने, हळुवारपणे वागा, अन्याय्य भेदभावाची खूणही नको, असं बजावते.

हा समतोल किती पटकन मोडू शकतो हे इंडियानातल्या सेंट मेरीज या मुलींच्या छोट्या कॉलेजने पाहिलं. स्त्री म्हणून ओळख असलेल्या आणि तसंच सातत्याने जगणाऱ्यांचे, म्हणजे ट्रान्सजेंडर स्त्रियांचेही, अर्ज विचारात घ्यायचे, असं धोरण विश्वस्तांनी जून २०२३ मध्ये मंजूर केलं. बातमी नोव्हेंबरमध्ये फुटली. स्थानिक बिशपांनी जाहीर आक्षेप घेतला, माजी विद्यार्थिनी दोन्ही बाजूंनी पत्रं लिहू लागल्या, आणि डिसेंबर संपण्याआधी निर्णय मागे घेतला गेला. निर्णय बरोबर की चूक यावर कितीही बोलता येईल. मला खटकलं ते हे की ज्यांच्यावर परिणाम होणार त्या मुलींना धोरणाचा पत्ता ते मंजूर होऊन काही महिने गेल्यावर लागला.

बिशपांचा आक्षेप नुसता शब्द आहे की त्याला दात आहेत? वूस्टरमध्ये दोन्ही बघायला मिळालं. २००७ साली किशोरवयीन गरोदरपणावरच्या एका परिषदेला होली क्रॉसने सभागृह भाड्याने दिलं, त्यात गर्भपाताचा हक्क मागणाऱ्या संस्थांचे लोकही बोलणार होते. बिशपांनी इशारा दिला की 'कॅथलिक' हे नाव काढून घ्यायची वेळ येऊ शकते. कॉलेजने करार पाळला, परिषद झाली, नाव राहिलं. त्याच बिशपांनी २०२२ साली त्याच शहरातल्या मुलांच्या एका जेझुइट शाळेचं 'कॅथलिक' नाव मात्र खरोखर काढलं, कारण शाळेने कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीचे 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' झेंडे आणि समलिंगींच्या समर्थनाचे इंद्रधनुषी झेंडे उतरवायला नकार दिला.

पैशाची बाजू कोरडी आहे पण टाळता येत नाही. छोटी कॉलेजं फीवर जगतात. विस्कॉन्सिनचं कार्डिनल स्ट्रिच २०२३ मध्ये बंद झालं, पेनसिल्व्हेनियाचं कॅब्रिनी आणि न्यूयॉर्क राज्यातलं सेंट रोज २०२४ मध्ये. अशा काळात अर्ज करणारा प्रत्येक विद्यार्थी हवाहवासा होतो, मग तो कुठल्याही धर्माचा असो. वॉशिंग्टनचं ट्रिनिटी हे एके काळचं सुखवस्तू कॅथलिक घरांतल्या मुलींचं कॉलेज. तशा मुली येईनाशा झाल्यावर त्याने शहरातल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलींकडे मोहरा वळवला आणि तगून राहिलं. यात सेवा किती आणि गरज किती, याचा हिशोब मांडायची मला गरज वाटत नाही. त्या मुलींना पदवी मिळाली. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयात प्रवेश देताना विद्यार्थ्याचा वंश विचारात घ्यावा का याचा खटला चालला, तेव्हा ५७ कॅथलिक संस्थांनी मिळून निवेदन दिलं होतं की विविधता जपणं हा आमच्या श्रद्धेचाच भाग आहे. न्यायालयाचा २०२३ मधला निकाल उलट गेला.

ओळखीतल्या कुणाला अशा कॉलेजमधून प्रवेशपत्र आलं असेल, तर 'तुम्ही सर्वसमावेशक आहात का' हे विचारू नये; उत्तर नेहमी 'हो' असतं. विद्यार्थी नियमावली मागून घ्यावी आणि वसतिगृह, पाहुण्यांची वेळ, क्लब नोंदणी ही पानं आधी वाचावीत. क्लबला नकार मिळाला तर अपील कुणाकडे, अधिष्ठात्याकडे की कुणाकडेच नाही, ते बघावं. टायटल नाइनमधून सूट मागितली आहे का, हे थेट विचारावं. कॅम्पस मिनिस्ट्रीत किती माणसं आहेत आणि ती किती वर्षं टिकली आहेत, तेही विचारावं. आणि शक्य झालं तर आपल्याच धर्माच्या किंवा आपल्यासारख्या एखाद्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याशी, कॉलेजने नेमलेला मार्गदर्शक जवळ नसताना, अर्धा तास बोलून घ्यावं.